आरशातला डावा हात

लिफ्ट बंद पडली तेव्हा मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू? एक हिसका बसला, दिवा गेला, पंखा थांबला, आणि दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या मध्ये कुठेतरी मी एकटीच अडकले. लोक अशा वेळी दार बडवतात. मी वॉचमनला फोन करून सांगितलं, “लिफ्ट अडकलीय, पण सावकाश चालेल.” मग डबा बाजूला ठेवला आणि भिंतीला टेकून खाली बसले. कुणी माझ्याकडे काही मागत नाहीये, अशी सकाळपासूनची ती पहिलीच वेळ होती.

दार उघडलं तेव्हा मी गाढ झोपले होते.

“मॅडम... बाहेर येताय ना?”

“अजून पाच मिनिटं,” मी म्हणाले. मला वाटलं, ताई उठवतेय.

आणि तो थांबला. खरंच थांबला. तिसऱ्या मजल्याची जमीन माझ्या छातीएवढ्या उंचीवर होती, तिच्या कडेवर पाय सोडून हा माणूस बसला, लिफ्टचं दार उघडायची त्रिकोणी किल्ली गुडघ्यावर ठेवली, आणि पाच मिनिटं गप्प राहिला. दुसरा कुणी असता तर हाताला धरून ओढून काढलं असतं. मी डोळे उघडले तेव्हा तो घड्याळात बघत होता.

“झाली पाच,” तो म्हणाला. “हवी असतील तर अजून देतो. लिफ्ट माझ्याच ताब्यात आहे.”

मला इतकी लाज वाटली की मी त्याचा हात न धरताच वर चढायला गेले आणि अर्थातच घसरले. दुसऱ्यांदा हात धरला. खरखरीत हात, नखांत काळं ग्रीस, आणि पकड मात्र अगदी हलकी.

“एक विचारू?” तो म्हणाला. “तुम्ही झोपेतही खांदे कानाला लावून बसता. कुणी मारायला येणार असतं का?”

“रोज कुणी ना कुणी येतंच.”

तो हसला नाही. खिशातून एक मळका कागद काढून त्याने त्यावर पत्ता लिहिला. “सोमवार, बुधवार, शुक्रवार. संध्याकाळी सहा. मीही जातो.”

“काय करतात तिथे?”

“उभे राहतात.”

मी दातांच्या लॅबमध्ये काम करते. कवळ्या बनवते. दिवसभर मान वाकवून मेणात एकेक दात बसवायचा, साचा भरायचा, घासायचं, पॉलिश करायचं. घरी थोरली बहीण, ती नर्स, आणि तिच्या दोन जुळ्या मुली, वय वर्षं चार. भावोजी जहाजावर, नऊ महिने समुद्रात आणि तीन महिने सोफ्यावर. म्हणजे लॅब सुटली की भाच्यांची ड्यूटी माझी. दोघींत सात मिनिटांचं अंतर आहे, म्हणून एक थोरली आणि एक धाकटी, आणि त्या सात मिनिटांवरून घरात रोज भांडण. जीव मेटाकुटीला येतो म्हणतात तो कसा येतो, हे मला कुणी शिकवायला नको. अशा बाईला कुणी सांगतं, या आणि उभ्या राहा.

तरी मी गेले. का गेले? त्याने पाच मिनिटं दिली होती म्हणून. मला बऱ्याच वर्षांत कुणी पाच मिनिटं दिली नव्हती.

“ताई ची शिकायला चाललेय,” मी घरी सांगितलं.

“कुठल्या ताईची?” बहिणीने विचारलं. “माझं काही शिकू नकोस, माझंच काही धड नाहीये.”

वर्ग एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर होता. तिथली लिफ्ट बंद. चोपन्न पायऱ्या. वर एक लांबट हॉल, पूर्वी तिथे नाच शिकवायचे, म्हणून डावीकडची भिंत पूर्ण आरशाची. मध्येच एक जाड खांब. आणि पुढे बाई.

बाईंना सगळे नुसतं बाईच म्हणायचे. साठी उलटलेली, बुटकी, पायात रबरी चपला. तरुणपणी बंदरावरच्या गोदामात मालाची पोती मोजायच्या. गोदामासमोर एक म्हातारे चिनी घड्याळजी होते. ते सकाळी दुकान उघडण्याआधी फुटपाथवर हळूहळू हात हलवत उभे असायचे. बाईंनी विचारलं, हे काय. ते म्हणाले, उभी राहा, कळेल. चौदा वर्षं बाई त्यांच्याकडे शिकल्या.

“पहिली दोन वर्षं त्यांनी मला फक्त उभं केलं,” बाई म्हणाल्या. “तुला मी चार महिने उभं करते. जग फार सुधारलंय.”

नियम सरळ होते. नवीन माणसाने पहिले चार महिने नुसतं उभं राहायचं. गुडघे किंचित वाकलेले, हात छातीसमोर, जाड झाड मिठीत धरावं तसे. मान वळवायची नाही. श्वास पोटात सोडायचा. याला त्या ची गाँग म्हणायच्या. तेवढ्या वेळात जुने लोक पुढे आपली मालिका करायचे. एकामागून एक चोवीस चाली, संथ, न थांबता. ती कुणी पायरी पायरीने शिकवायचं नाही. “मी शिकवत नाही, दिसू देते. ज्याला हवं त्याने उचलावं,” बाई म्हणायच्या. ज्याची मालिका पुरी बसली, त्याने ती सगळ्यांसमोर एकट्याने करून दाखवायची. बाईंनी मान डोलावली की मगच ‘हात’ मिळायचे.

हात म्हणजे दोघांनी समोरासमोर उभं राहायचं, मनगटाला मनगट लावायचं आणि एकमेकांचा तोल ओळखायचा. ढकलायचं, पण जोराने नाही. समोरचा कुठे घट्ट आहे, कुठे पोकळ आहे, ते नुसत्या स्पर्शाने ऐकायचं. “आधी स्वतःचं वजन पेलायला शिका, मग दुसऱ्याला हात लावा,” हा घड्याळजींचा नियम. बाईंनी तो कधी मोडला नव्हता.

मी उभं राहायला खांबामागची जागा निवडली. कारण उघड आहे. बाईंची पाठ वळली की टेकता यायचं.

खांबाआडून बाई दिसायच्या नाहीत. इतर सात-आठ जण दिसायचे नाहीत. मान वळवायची बंदी, म्हणून समोर उरायचा फक्त आरशाचा एक उभा तुकडा. आणि त्या तुकड्यात दिसायचा... तो. लिफ्टवाला. सगळे त्याला तेच म्हणायचे.

पहिले काही दिवस मी काहीच बघितलं नाही. मांड्या थरथरायच्या, खांदे पेटायचे, आणि मनात घरचं दूध संपलंय का हेच चालायचं. मग एके दिवशी मांड्या थोड्या कमी थरथरल्या आणि डोळे मोकळे झाले. दिवसभर तारा ओढणारे, पाने फिरवणारे ते हात हवेतून असे जात होते, झोपलेल्या मुलावर आवाज न करता पांघरूण घालावं तसे. एका चालीत बगळा पंख पसरतो तसा हात वर जायचा, आणि तिथे पोचल्यावर त्याचा चेहरा क्षणभर अगदी निवांत व्हायचा. त्या एका क्षणासाठी मी आठवड्यातून तीनदा चोपन्न पायऱ्या चढायला लागले. बाईंना वाटायचं, मुलगी चिकाटीची आहे.

वर्ग सुटला की आम्ही एकत्र उतरायचो. तेवढंच. खाली पोचलं की तो डावीकडे, मी उजवीकडे. आमचं काय जे असेल ते चोपन्न पायऱ्यांचं होतं.

“आज खांबाला तीनदा टेकलात,” तो म्हणायचा.

“मुळीच नाही.”

“बरं, अडीचदा.”

“तुम्हाला कसं कळतं हो? बाईंना नाही कळत.”

“कळतं.” आणि पुढची पायरी.

कधी मी त्याला छळायची. “लिफ्टवाले म्हणवता, आणि रोज चोपन्न पायऱ्या उतरता. ही लिफ्ट तीन वर्षं बंद आहे म्हणे. लाज वाटत नाही?”

“आमच्या कंपनीची नाही ती.”

“बघून तर घ्याल.”

“दुसऱ्याच्या लिफ्टमध्ये हात घालू नये, मॅडम. शोभत नाही.”

एकदा खाली आलो तर धो धो पाऊस. छत्री कुणाकडेच नव्हती. आम्ही दाराच्या आत उभे राहिलो, मध्ये त्याची हत्यारांची पिशवी. तो म्हणाला, “तुमचे खांदे खाली आलेत.” मी म्हणाले, “तुमच्याकडे बघायला वेळ आहे बराच.” त्याने मधली पिशवी उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली. एवढंच केलं त्याने. पाऊस अर्ध्या तासाने थांबला आणि मला वाईट वाटलं.

पण एक गोष्ट माझ्या लक्षात यायला लागली होती. त्याला हात लावायला सगळे टरकायचे. आमच्यात एक निवृत्त बँक कारकून होते, मिशांमुळे त्यांना सगळे कर्नल म्हणायचे. कर्नल सगळा जोर लावून त्याला ढकलायचे आणि दर वेळी स्वतःच पुढे कोलमडायचे. कारण ढकललं तिथे कुणी नसायचंच. तो वाट द्यायचा. सुरेख, सहज. बाई मात्र खूश नसायच्या.

“वाट देणं आणि पळून जाणं यात फरक आहे,” त्या म्हणायच्या. “सहा वर्षं सांगतेय तुला. कधीतरी तिथे सापड.”

तो मान खाली घालून म्हणायचा, “हो, बाई.” इथेही वाट.

घरी मी स्वयंपाकघरात, गॅस आणि फ्रिजच्या मधल्या सहा फुटांत, आरशात पाहिलेलं करून बघायची. घाई नव्हती, लोक वर्षभर घेतात. भाच्या मागे उभ्या राहून तसंच करायच्या. धाकटी बगळ्याच्या चालीत दर वेळी पडायची आणि थोरली म्हणायची, “मी मोठी आहे, म्हणून मी नाही पडत.” लॅबमध्ये माझे मालक म्हणाले, तुमची मान बरी दिसतेय. मी थकलेली होतेच, पण आता थकल्यावर झोप लागायची.

चौथ्या महिन्यात एका बुधवारी, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, तो म्हणाला, “माझी बदली होतेय.”

मी पायरी चुकले नाही, याचं श्रेय बाईंना.

“कुठे?”

त्याने सांगितलं. रेल्वेने अकरा तास. तिथे नवे उंच टॉवर झालेत, माणसं हवीत. “साहेबांनी विचारलं. मी हो म्हटलं. सोमवारी कागदावर सही.”

“तुम्हाला जायचंय?”

“जायचंय असं काही नाही. त्यांनी विचारलं... नाही कशाला म्हणायचं?”

मला ओरडावंसं वाटलं. म्हणावंसं वाटलं की अहो, मी विचारते ना, राहा म्हणून. पण दिवसभरात अठरा कवळ्या घासल्या होत्या, घरी जाऊन दोघींना न्हाऊ घालायचं होतं, आणि माझ्या तोंडून निघालं, “बरं. जपून जा.” उरलेल्या छत्तीस पायऱ्या मी मोजत उतरले.

त्या रात्री मी उशी भिजवली वगैरे काही नाही. मी झोपले. पण दुसऱ्या दिवशी एका आजोबांची कवळी मालकांनी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, “ही अशी रडकी का दिसतेय?”

तेव्हा मी ठरवलं. बोलता येणार नाही, तर निदान एकदा त्याच्या मनगटाला मनगट लावायचं. नियमाने, सगळ्यांदेखत, हक्काने. स्पर्शाने ऐकू येतं म्हणतात ना, मग त्याला ऐकू दे. पण त्यासाठी आधी मालिका दाखवायला हवी होती, आणि सोमवारच्या आत फक्त एक वर्ग उरला होता. मी बाईंना फोन केला.

“चार महिने नाही झाले अजून,” बाई म्हणाल्या.

“तीन महिने चोवीस दिवस झालेत.”

“एवढी घाई का?”

“बाई, प्लीज.”

“शुक्रवारी दाखव,” त्या म्हणाल्या.

शुक्रवारी सगळे भिंतीला लागून बसले. मी पहिल्यांदाच खांबाच्या पुढे आले. तो दाराजवळ मांडी घालून बसला होता आणि माझ्या पायांकडे बघत होता.

मी श्वास सोडला आणि सुरू केलं. मग स्वयंपाकघर आठवलं, गॅस आठवला, फ्रिज आठवला, आणि हात आपले आपण चालायला लागले. ढगांसारखे हात, मागे सरकणं, वळणं, बगळा. तिथे धाकटी आठवली, तरी मी पडले नाही. शेवटी दोन्ही हात खाली आले आणि मी उभी राहिले. इतकं शांत मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

सगळे बाईंकडे बघायला लागले.

“पहिल्या तीन चाली परत कर,” बाई म्हणाल्या.

मी केल्या.

“तुझा डावा हात कुठला?”

मी दाखवला. बाई उठल्या, माझ्याभोवती एक चक्कर मारली आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

“वजन बरोबर. श्वास बरोबर. एकही चाल चुकलेली नाही,” त्या म्हणाल्या. “फक्त सगळी मालिका उलटी आहे. पहिल्यापासून शेवटपर्यंत, डाव्याचं उजवं आणि उजव्याचं डावं. इतक्या वर्षांत मी हे पाहिलं नव्हतं. कुणाचं बघून शिकलीस तू?”

मी खांबाकडे पाहिलं. कर्नल चौकस माणूस. ते उठले, तरातरा खांबामागे गेले, आणि अगदी माझ्यासारखे, झाड मिठीत धरून उभे राहिले.

“बाई,” ते तिथून म्हणाले, “इथून तुम्ही दिसतच नाही. कुणीच दिसत नाही. आरसा दिसतो, आणि आरशात एकटा लिफ्टवाला.”

“नीट बघा.”

“नीटच बघतोय. लिफ्टवाला आहे, आणि थोडीशी खिडकी.”

सात-आठ माणसं एकदम आपापल्या नखांकडे बघायला लागली. बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. त्यांचा आवाज मऊ झाला, पण नियम तो नियम.

“हात नाही मिळणार, पोरी. सोमवारपासून पुढच्या रांगेत ये. माझ्या पाठीमागे. पहिल्यापासून.”

“सोमवारपर्यंत वेळ नाहीये माझ्याकडे, बाई,” मी म्हणाले, आणि चपला हातात घेऊन निघाले.

पळून जायचं होतं. पण पळायलाही अंगात त्राण लागतं. दुसऱ्या मजल्यावर, त्या बंद लिफ्टच्या दारापाशी, मी पायरीवर बसले. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, निदान आडवं तरी होता येईल, असं वाटत होतं.

वरून पावलं आली. मला ती पावलं ओळखू यायची. तो माझ्या शेजारच्या पायरीवर बसला आणि नेहमीसारखा गप्प राहिला.

“पाच मिनिटं देताय का?” मी विचारलं.

“हवी असतील तर.”

आणि मग माझं डोकंच फिरलं. “नकोत मला तुमची पाच मिनिटं. सगळ्यांना वाट देता तुम्ही. साहेबांनी ढकललं, दिली वाट. कर्नलनी ढकललं, दिली वाट. मी बुधवारी ‘बरं, जपून जा’ म्हणाले, तर त्यालाही वाट दिलीत. दिसत नव्हतं माझ्या तोंडावर? मला तुम्ही आवडता. चार महिने आवडताय. मी इतकी दमलेली असते की मला जेवायचा कंटाळा येतो, पण या पायऱ्या चढायचा नाही आला. जाऊ नका. झालं. म्हटलं मी. आता जा.”

मग त्याने लिफ्टच्या दारावर बोटाची टिचकी मारली.

“हिचा एक रिले गेलाय,” तो म्हणाला. “दोन तासांचं काम. तुम्ही आलात त्या पहिल्याच आठवड्यात बघून ठेवलंय मी.”

“मग केलं का नाही?”

“लिफ्टने खाली यायला पंधरा सेकंद लागतात. आणि... आरशात तुम्हाला मी दिसत होतो, तर मला कोण दिसत असेल?”

मी त्याच्याकडे बघत राहिले. दमलेलं डोकं, दुसरं काय? चार महिन्यांत हे माझ्या एकदाही लक्षात आलं नव्हतं. अडीचदा टेकलात. तुमचे खांदे खाली आलेत.

“मग बोलला का नाहीत?”

“तुम्ही आधीच सगळ्यांचं ओझं घेऊन उभ्या होत्या. त्यात माझं कशाला, म्हटलं.” मग त्याने मान वर केली. “चुकलं माझं. ऊठ.”

ऊठ म्हणाला. उठा नाही. मी उठले.

“सुरुवात कर.”

“इथे? उलटीच येते मला.”

“उलटीच कर.”

तो माझ्यासमोर उभा राहिला, तोंड माझ्याकडे करून. जागा सहा फूट असेल, माझ्या स्वयंपाकघराएवढी. मी डावा हात उचलला, त्याने उजवा उचलला. मी त्या बाजूला झुकले, तोही त्याच बाजूला. त्याची मालिका सरळ, माझी उलटी, आणि समोरासमोर दोन्ही अशा जुळल्या की एकही हात दुसऱ्याच्या आड आला नाही. पुढच्या रांगेत शिकले असते तर हे जमलं नसतं. तिसऱ्या चालीत दोघांनाही एकेक पाऊल पुढे यायचं होतं. आम्ही आलो. मनगटाला मनगट लागलं.

त्याचं मनगट गरम होतं. खाली नाडी उडत होती, चांगलीच जोरात. हा निवांत माणूस आतून असा असेल, असं वाटलं नव्हतं.

मी ढकललं. मला माहीत होतं काय होणार. तो बाजूला सरकणार, मी पुढे पडणार, कर्नलसारखी. मी तरी ढकललं, सगळं वजन टाकून. कवळ्यांचं, दुधाचं, सात मिनिटांच्या भांडणाचं.

तो हलला नाही.

मी पुन्हा ढकललं. तो तिथेच होता. ताठ नाही, जोर लावून नाही, नुसता होता. मला इतकं बरं वाटलं की रडू आलं, आणि मी त्याच्या मनगटावर कपाळ टेकवलं.

“वाट नाही देणार?” मी विचारलं.

“नाही.”

“आणि साहेबांना?”

“त्यांनाही नाही. सोमवारी सांगतो.”

“रागावतील.”

“रागावू देत. तू सांग, अजून टेकायचंय?”

“पाच मिनिटं,” मी म्हणाले.

“हात लावायची परवानगी मी दिलेली नाही,” वरून बाईंचा आवाज आला. त्या कठड्यावरून वाकून बघत होत्या, आणि त्यांच्या खांद्यामागे कर्नलच्या मिशा. “पण सापडला एकदाचा तो. राहू दे.”

सोमवारी त्याने साहेबांना ‘नाही’ म्हणून सांगितलं. साहेब रागावले, आणि गावातल्या सगळ्यात जुन्या, सगळ्यात कुरकुरणाऱ्या लिफ्ट त्याच्या गळ्यात मारल्या. संध्याकाळी त्याचे गुडघे दुखतात. मी अजून दमतेच. भाच्यांनी मात्र माझ्याकडून मालिका उलटीच उचललीय आणि त्या आता बदलायला तयार नाहीत. रविवारी तो घरी येतो, समोर उभा राहून त्यांच्याबरोबर करतो, आणि धाकटी त्याचा हात धरते म्हणून बगळ्याच्या चालीत पडत नाही. ताईने त्याला पहिल्या दिवशी एवढंच विचारलं, की आमच्या वॉशिंग मशीनचं काही कळतं का.

मी पुढच्या रांगेत उभी राहते, बाईंच्या पाठीमागे, आणि चोवीस चाली पहिल्यापासून शिकते. आरशाकडे बघायचं नाही अशी सक्त ताकीद आहे. मी बघत नाही. माझी खांबामागची जागा रिकामी होती, तिथे आता तो उभा राहतो. म्हणतो, गुडघ्यांना टेकायला बरं.

दुसऱ्या आठवड्यात, बगळ्याच्या चालीत, मागून कुणीतरी अडखळल्याचा आवाज आला. बाई थांबल्या आणि वळल्या. सहा वर्षांचा जुना विद्यार्थी, हॉलमधला सगळ्यात पक्का माणूस, उजव्या हाताच्या जागी डावा हात वर करून उभा होता आणि त्याची नजर आरशात होती.

बुधवारी येताना बाईंनी घरून एक जुनी चादर आणली, कर्नलना स्टुलावर चढवलं आणि सगळा आरसा झाकून टाकला.